डीजेसमोर जुळलेली सोयरीक

माझ्या धाकट्या बहिणीला बघायचा कार्यक्रम कळंबच्या एका नव्या हॉटेलात ठेवायची अक्कल माझी. घरी ठेवला की अख्खी गल्ली दारात जमते, ते मला टाळायचं होतं. रविवारी दुपारी तिथं 'लाइव्ह डीजे' असतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगा, त्याची आई आणि निवृत्त हेडमास्तर असलेले वडील आले. नमस्कार होतायत तोवर कोपऱ्यातल्या स्पीकरनं असा दणका दिला, की टेबलावरचा पाण्याचा जग सरकला. मास्तरांनी पुढं वाकून बहिणीला काहीतरी विचारलं.

"एमेस्सी!" ती ओरडली.

मास्तर गोंधळले. त्यांनी आमच्या आईचं माहेर विचारलं होतं.

मी उठून डीजेकडं गेलो. "आवाज जरा कमी करा की! सोयरीक जुळवायलोत आमी!"

त्याला 'सोयरीक' तेवढं ऐकू गेलं. त्यानं माइक उचलला. "टेबल नंबर चार! नवरा-नवरीसाठी खास!" आणि थेट वरातीचं गाणं सुरू. शेजारच्या टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. बहिणीनं मेनूकार्ड तोंडावर धरलं. मुलगा हसू दाबत जिराराईस चिवडत बसला.

या सगळ्यात आमचे वडील, अण्णा, तेवढे निवांत जेवत होते. त्यांची उभी नोकरी साखर कारखान्यात, उसाच्या चरकाजवळ गेलेली. कानांनी कधीच राजीनामा दिलेला, त्यामुळं ते समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात. आणि चरकाच्या खडखडाटात कमावलेला त्यांचा आवाज डीजेलाही भारी होता. विहीणबाई नुसते ओठ हलवत होत्या आणि अण्णा उत्तरं देत होते, "व्हय, तिचं आजोळ परंड्याकडं. न्हाय, नोकरी सोडणार न्हाय ती."

मग मास्तरही अण्णांकडंच तोंड करून बोलायला लागले. अण्णा ऐकायचे, म्हणजे बघायचे, आणि आम्हाला सांगायचे. गाडी छान रुळावर आली.

तेवढ्यात बहीण माझ्याकडं वळून पुटपुटली. मला काहीच ऐकू आलं नाही. अण्णांना दिसलं.

"पोरगी म्हणतीया, पोरगा पसंत हाय!" अण्णांनी जाहीर केलं. "मिशी तेवढी नको!"

बहीण गोरीमोरी झाली. मास्तरांचा हात आधी स्वतःच्याच मिशीवर गेला. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मुलानं मान वर केली आणि अण्णांकडं बघून सावकाश ओठ हलवले.

"उद्याच काढतो म्हणतोय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी वेटरकडं आणखी दोन भाकरी मागितल्या.

पुढच्या बैठकीत मास्तरांनी हुंडा नको म्हणून सांगितलं, मानपान नको म्हणून सांगितलं. अट एकच घातली, लग्नात डीजे नको. आम्ही सनईवाले बोलावले. लग्न थाटात झालं. फक्त अण्णा मला सारखे विचारत होते, "सनई सुरू झाली का रे?"