माझा एकुलता एक आश्रित

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत मी एचआर आहे. म्हणजे हजेरी, पगार, पीएफ आणि कॅन्टीनचा चहा पांचट झाला तर त्याबद्दलच्या शिव्या, हे सगळं माझ्या टेबलावर येतं. मागच्या वर्षी वरच्या ऑफिसातून एक इंग्रजी मेल आला. कामगारांच्या मेडिक्लेमचे नियम बदलले होते. आधी फक्त बायको-मुलं असायची, आता आईवडिलांनाही घेता येणार होतं. तेही जुन्या आजारासकट, आणि हप्ता कंपनीच भरणार. अट एवढीच की महिना संपायच्या आत नावं गेली पाहिजेत. राहिला तो वर्षभर राहिला.

मेल वाचता वाचता मला माझे वडील दिसले. ते आमच्या गावी, टेंभुर्णीला एकटेच असतात. आई गेल्यापासून स्वतःची भाकर स्वतः थापतात. उन्हाळ्यापासून त्यांना शेतावर जाताना मध्येच बसावं लागायचं. जालन्याच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळ्या तपासून घ्या, ऑपरेशनही लागेल कदाचित, असं सांगितलं होतं. त्यावर वडील 'बघू' म्हणाले होते. आमच्या घरात 'बघू' म्हणजे बिलकुल नाही.

तर मी जोशात आलो. सूचना मराठीत लावायची होती आणि मेलमध्ये शब्द होता 'डिपेंडंट'. कुठल्याशा हिंदी परिपत्रकात त्याला 'आश्रित' म्हटलं होतं. मला तो शब्द फार भारदस्त वाटला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दारावर माझ्या हातचा बोर्ड झळकला: 'आपल्या आश्रित आईवडिलांची नावे त्वरित द्या.'

नावं आली नाहीत. आले ते भोकरदनकडचे एक म्हातारबा, आमच्या पॅकिंगमधल्या एका पोराचे वडील. पोरानं बोर्डाचं घरी सांगितलं होतं. गेटवर त्यांनी मला विचारलं, बोर्ड कोणी लिहिला? मी सांगितलं, ते साहेब रजेवर आहेत.

"मंग आल्यावर सांगा त्याला," ते शांतपणे म्हणाले, "माझी चार एकर माझ्या नावावर हाय. पोरगं माझ्या घरात राहून राह्यलं, मी त्याच्या न्हाई."

निरोप पोचवतो, असं मी त्यांना सांगितलं. चहाही पाजला.

बोर्ड उतरवायला धावलो तेव्हा खरी गोष्ट आठवली. आदल्या संध्याकाळी मी त्या बोर्डाचा फोटो काढून कौतुकानं वडिलांना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'तुमचंही नाव टाकतोय.' फोनवर दोन निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर नव्हतं.

आमचं बोलणं तसंही फार नसायचं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, 'जेवला का?' मी 'हो' म्हणायचो, तेव्हा बहुतेक वेळा कुकर चढलेलाही नसायचा. झालं बोलणं. तो फोन बंद झाला. मी केला की उचलायचे नाहीत. शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "बरे हायेत, कडबा रचून राह्यलेत." त्या दिवसांत मला कळलं की जालन्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत 'जेवला का' एवढा एकच आवाज बाहेरून यायचा. बाकी पंखा.

नव्या बोर्डावर मी 'घरातील वडीलधारी माणसे' असं लिहिलं आणि नावं धडाधड आली. प्रत्येकाच्या नावापुढे बायको, पोरं, आई, बाप. एकाच्या नावापुढे इतकी माणसं होती की संगणकात ओळच पुरेना. शेवटी माझी ओळ भरायला घेतली. मी बेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा. मुलीकडचे शेती विचारायचे, आहे म्हटलं की नोकरी विचारायचे, तीही आहे म्हटलं की मला बघायचे. तेव्हा माझी ओळ एका माणसावर उभी होती, आणि तो माणूस फोन उचलत नव्हता.

मुदत संपायला आली तशी मी जाफराबादची एसटी धरून टेंभुर्णी गाठली. वडील गोठ्यात होते. मी वाटेत पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं: नियम, तपासणी, ऑपरेशन, आत्ता राहिलं तर वर्षभर काहीच नाही. ते वैरण टाकत राहिले. मध्येच थांबून दावणीला धरून श्वास घेतला आणि मी पाहिलं नाही असं समजून पुन्हा टाकायला लागले.

"मी कोणाचा आश्रित न्हाई," ते म्हणाले.

माझा सगळा एचआर तिथंच संपला. तोंडातून निघालं ते पाठ केलेलं नव्हतं.

"बाबा, सगळ्यांच्या नावापुढे माणसं हायेत. माझ्यापुढं कोणीच न्हाई."

वडिलांनी टोपली खाली ठेवली. मला नीट न्याहाळलं, बाजारात उभ्या बैलाला न्याहाळावं तसं.

"मंग तसं सांगायचं ना," ते म्हणाले. "तुला माणूस लागतंय म्हणून येतो. लिही."

कार्डासाठी त्यांचा फोटो गोठ्याच्या भिंतीपाशीच काढला. त्यांनी टोपी नीट केली, पण हसले नाहीत. निघताना त्यांनी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी ते एसटीतच संपवलं, खोलीवर जाऊन एकट्यानं खायचं जिवावर आलं.

तपासणी झाली, पाठोपाठ ऑपरेशनही. आता शेतापर्यंत न बसता जातात. कार्ड मात्र त्यांच्या हातात उशिरा पडलं. ते इंग्रजीत, म्हणून त्यांनी किराणा दुकानदाराकडून वाचून घेतलं आणि संध्याकाळी फोन केला.

"त्याच्यावर डिपेंडंट लिहिलंय म्हणे. म्हंजे काय रे?"

मी पुन्हा एखादा भारदस्त शब्द शोधायला लागलो. घरचा कर्ता, मुख्य सभासद, असलं काहीतरी जुळवत होतो. पलीकडे गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"राहू दे," ते म्हणाले. "जेवला का?"

"न्हाई," मी म्हणालो. "आता लावतो कुकर."