फुकटचा सांभार

कोथिंबिरीला आमच्या घरी सांभार म्हणतात, आणि तो निवडताना हाताला वास लागला की मला जबलपूरच्या आमच्या स्वयंपाकघरातली एक दुपार आठवते. परदेशात शिकणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला सांभारवडी खायची हुक्की आली होती. त्यानं तिथल्या दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावून बारकीशी जुडी आम्हाला दाखवली. बाबांनी भाव विचारला, मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि कपाळाला हात लावला. "मागच्या महिन्यात तर एवढी महाग नव्हती!" "जुडी तेवढ्यालाच आहे बाबा, आपला रुपयाच घसरून राहिला," म्हणत तो ती परत ठेवू लागला. बाहेरून येणारं तेल महागल्यामुळे इकडे आईही कढईत बेतानंच तेल ओतत होती, पण ती कडाडली, "काहून हिशेब करून राहिले जी तुम्ही? घे रे बेटा, खा पोटभर. फक्त देठं फेकू नको!" परवा तो सुट्टीत घरी आला. बड्या फुहाऱ्याजवळच्या मंडईत भाजी घेतली, तेव्हा भाजीवाल्यानं नेहमीसारखा मूठभर सांभार आमच्या पिशवीत फुकट टाकला, तर यानं भर बाजारात हात जोडले, "भैया, आप तो बहुत बड़े आदमी हो!" भाजीवाला बुचकळ्यात पडला आणि त्यानं आणखी एक मूठ टाकली.