बारा नंबर, सत्तर नंबर

हे लिहिणारच नव्हते, आत्याने वाचलं तर माझा कान धरेल. पण राहवत नाहीये.

आत्या एका प्रयोगशाळेत यीस्ट सांभाळते. काचेच्या ट्यूबांमध्ये शेकडो जाती, दर तीन महिन्यांनी प्रत्येकीतलं कणभर यीस्ट नव्या ट्यूबमध्ये घालायचं. सव्वीस वर्षं तेच. मग डीएनए तपासायला एक नवी मुलगी आली. पहिल्याच दिवशी आत्याने तिचं नाव ठेवलं, चष्मेवाली.

महिन्याभरात चष्मेवालीने सांगितलं की बारा नंबर आणि सत्तर नंबर, दोन वेगळ्या जाती म्हणून ठेवलेल्या, पण डीएनए ताडून पाहिला तर जात एकच. प्रयोगशाळेच्या सरांनी आत्याकडे पाहिलं. म्हणजे भरताना हात चुकला, एकीतलं दुसरीत गेलं. असं असेल तर ट्यूबांचं काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल, असं ते हळूच म्हणाले.

झालं, आत्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हिनेच ट्यूब बदलली असणार, माझी जागा हवीय हिला. तिने फ्रीजची किल्ली डब्यात लपवली, ट्यूब बदलली तर कळावं म्हणून झाकणांवर पेनाने बारीक ठिपके दिले. चष्मेवालीने चहा आणला तर तो गार होऊ दिला, पण तोंडाला लावला नाही. ठिपके रोज जागच्या जागी. तरी संशय जाईना.

शेवटी तिने जुनी रीत काढली. दोन्ही यीस्ट आठवडाभर उपाशी ठेवली. उपाशी राहिल्यावर काही यीस्ट बीजाणू धरतात, पूर्वी जात ठरवताना तेही बघायचे. मायक्रोस्कोपखाली बारा नंबरात टपोरे बीजाणू, सत्तरात औषधालाही नाही. तिच्या पहिल्या वहीतही हेच लिहिलेलं. मिसळलं असतं तर दोन्ही सारखीच वागली असती ना?

"मग तुझं मशीन खोटं बोलतंय," आत्या म्हणाली.

चष्मेवाली बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली. "मशीनही खरं आणि तुम्हीही खऱ्या, ताई. जात एकच, पण एक बीजाणू धरते, दुसरी नाही. म्हणून जुन्या लोकांनी दोन नावं ठेवली. सरांना मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी ताईंना विचारा."

आत्याला तो गार चहा आठवला.

ट्यूबा आत्याकडेच राहिल्या. सत्तरवर बाराच्या नावाची चिठ्ठी लागली. पण चष्मेवालीचं इथलं काम संपलंय, शुक्रवारी ती गाव सोडून चाललीये. आणि भेटून ये म्हटलं तर आत्या नुसतं "बघू" म्हणतेय.

तुमच्याही डोक्यात कुणाबद्दल असा किडा असेल तर भेटून या त्यांना. याच आठवड्यात जा.