एक हात जास्त

आमच्या फाट्यावर एक नेपाळी माणूस मोमो विकायचा. झाकणावर चिमटा वाजवून गिऱ्हाईक बोलवायचा. टेकडीवरचं रान वाचवायचा ठराव होता, पण ग्रामसभेला कोरम भरत नव्हता. म्हणून मी पत्रकं वाटत होते. त्यानं पत्रक घेऊन विचारलं, “हमारे उधर जंगल की मीटिंग को हर घर से एक जण येतोच. इधर क्यूं नही, दीदी?”

मी अख्ख्या देशाच्या वतीनं लाजले.

सभेच्या दिवशी त्यानं वाफाळतं पातेलं उचललं आणि चिमटा वाजवत तडक सभेत नेलं. वासामागं निम्मं गाव आलं!

“आधी ठराव, मग मोमो,” सरपंचबाई गरजल्या.

ठराव मंजूर झाला. वर झालेले हात मोजले, तर हजेरीच्या सह्यांपेक्षा एक हात जास्त निघाला.

“ओ मोमोवाले, तुमचा हात न्हाई धरता यायचा!” शिपाई ओरडला.

तो हसला, पण हात काही खाली घेईना.