वऱ्हाडातला शेवटचा पंप

माझ्या जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला, आणि कंपनीनं तो बनवणं कधीच बंद केलं होतं. म्हणून अमरावतीहून अकोल्याच्या एका जुन्या पार्टवाल्याकडे माझ्या खेपा सुरू झाल्या. तो दरवेळी म्हणायचा, "भंगारात द्या ना भाऊ. काहून जीव लावून राहिले?"

एकदा मात्र त्यानं कपाटातून नवाकोरा पंप काढला. अगदी माझ्याच गाडीचा. मी हात पुढे केला, तसा त्यानं तो छातीशी धरला.

"इकाचा नाय हा. साऱ्या वऱ्हाडात एकच उरला. तुमाले देल्ला, तं मंग लोकाईले दाखवू काय?"

मी गाडीत बसून निघालो. गाडी वळेना, तेव्हा तोच धावत आला. खिडकीतून हात घालून त्यानं माझ्यासोबत स्टिअरिंग ओढलं आणि घाम पुसत म्हणाला, "लय जड हाय भाऊ. पंप बदलून घ्या."