आईचा दमा आणि गाडीची जाळी

गाडी घेतली तेव्हा मला वाटलं होतं की आता आपली दगदग संपली. माणूस किती भाबडा असतो! वडवणीत आमचं कापडाचं दुकान. त्या वर्षांत गावात रोज काही ना काही नवं येत होतं. घरोघरी केबलच्या वायरी आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या आणि आमच्याच समोर तयार कपड्यांची दुकानं उघडली. ठाणातून कापड फाडून घेणारं गिऱ्हाईक हळूहळू पांगत होतं. पण आईचा दमा गिऱ्हाइकासारखा सोडून जाणारा नव्हता. दर पंधरवड्याला तिला बीडला छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, तेही एसटीत, धुळीत, कुणाच्या तरी बोचक्यावर टेकून. परत आल्यावर ती अंथरुणाला खिळायची आणि मी दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या पेंगायचो. म्हणून पुण्याच्या एका माणसाची वापरलेली, एसीवाली गाडी घेतली. काचा बंद केल्या की आत गार हवा आणि धूळ सगळी बाहेर.

सुरुवातीला बरं चाललं. मग त्याच गाडीत तिला धाप लागायला लागली.

एसी लावला की वाटेतली घाटसावळी यायच्या आत तिचा पदर नाकाला जायचा. खोकला सुरू व्हायचा आणि बीड येईपर्यंत थांबायचा नाही. डॉक्टरही चक्रावले. घरी बरी असते, गाडीत बसली की बिघडते, हे कोणतं दुखणं? एकदा धाप इतकी वाढली की त्यांनी तिला तिथेच ठेवून घेतलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "असं वरचेवर होणं चांगलं नाही. एखाद्या वेळी रस्त्यातच जड जाईल." त्यानंतर आईनं बीडला जायचंच टाळायला सुरुवात केली. आज एकादशी, उद्या पाव्हणे, परवा गुडघा. फार लकडा लावला तर म्हणायची, "मला यष्टीनं ने बाबा. तितं बरं वाटतं."

माझ्या डोक्यात तिडीक जायची. लोकांना गाडी मिळत नाही म्हणून ते रडतात आणि इथं दारात उभी असून हिला यष्टी हवी! पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. दिवसभर दुकान, संध्याकाळी दिवे गेलेले, आणि बीडहून आलं की रात्रभर आईच्या छातीतली शिट्टी.

शेजारीपाजारी म्हणाले, गाडीला नजर लागली. अप्पांनाही ते पटलं. अप्पा म्हणजे माझे वडील. दुकान माझ्या हवाली केल्यापासून त्यांचा वेळ देवपूजेत जायचा. आमचं घर शंकराचं. परळीहून आणलेली विभूती आमच्याकडे कधी संपत नाही. गाडी आली त्या आठवड्यापासून दर सोमवारी अप्पा आंघोळ करून, ताटलीत विभूती, बेल आणि कापूर घेऊन गाडीसमोर उभे राहत. आईला बीडमध्ये ठेवून घ्यावं लागलं, तेव्हापासून ते रोज उभे राहू लागले. आईला मात्र "कसं वाटतंय?" असं त्यांनी विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्या पिढीचा तो रिवाजच नव्हता.

मी माझ्या परीनं हातपाय हलवले. बीडच्या एसीवाल्यानं गॅस भरून दिला. हवा जास्त गार झाली आणि खोकला तेवढाच राहिला. मग एक दिवस दुकान बंद ठेवून गाडी औरंगाबादला शोरूमला नेली. तिथं थंडगार खोलीत मला बसवून ठेवलं, गाडी फेस लावून धुतली आणि समोर लिंबाच्या वासाची एक बाटली टांगून दिली. त्या वासानं आईला बीडच्या पुढच्याच फेरीत उलटी झाली. बाटली मी रस्त्यातच फेकून दिली आणि दुसऱ्या दिवशी शोरूमला फोन लावून मनसोक्त ओरडलो. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, "आतल्या हवेचा फिल्टर कधी बदललाय?"

इंजिनाला फिल्टर असतो हे मला माहीत होतं. आत बसणाऱ्या माणसांसाठीही एक असतो, हे आमच्या खानदानात कुणाच्या डोक्यात आलं नसतं. तो म्हणाला, समोरच्या डाव्या खणामागं असतो. गाडी एक दिवस आमच्याकडे सोडा, नाहीतर फिल्टर पाठवतो, तुमचा तुम्ही बसवा. पुन्हा औरंगाबादचं नाव काढलं तरी माझी कंबर दुखायची. मी म्हटलं, पाठवा. एसटीच्या पार्सलनं खोकं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायको गाडीत शिरलो. खण रिकामा केला, दोन्ही बाजूंनी आत दाबला, तो लटकला. मागं एक अरुंद झाकण होतं. ते काढून मी बोटानं जुना फिल्टर ओढला. निम्मा आला आणि अडकला. जोर लावून उपसला तसा राखेचा ढीग माझ्या मांडीवर सांडला.

"अहो, ही तर विभूती," बायको म्हणाली.

विभूतीच होती. वरची कोरडी होती, पण फिल्टरच्या घड्यांत ती ओली होऊन थापली गेली होती आणि तिच्यात बेलाची पानं कुजून काळी पडली होती. बुरशीचा उग्र दर्प येत होता. फिल्टरची एक कड फाटली होती, तिथून बारीक राख सरळ आत येत असणार. बायकोला आधी हसू आलं, मग तिनं पदरानं तोंड झाकलं. कारण ताटली घेऊन अप्पा तेवढ्यात दाराबाहेर आले होते.

"हे कुठून निघालं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना काचेखालची, वायपरच्या बुडाशी असलेली जाळी दाखवली. हवा तिथून आत शिरते. आणि अप्पा रोज विभूतीची बोटं ओढायचे ती काचेच्या खालच्या कडेवर, अगदी त्या जाळीच्या वर. बेल वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचे देठ जाळीत खोचायचे. वरून तांब्यातलं पाणी.

मी दमलेल्या आवाजात म्हटलं, "अप्पा, इथून पुढं मागं लावत जा. डिकीवर."

"कपाळ मागं असतं का रे कुणाचं?" ते म्हणाले. मग त्यांनी वाकून त्या फिल्टरकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि ताटली घेऊन ओट्यावर बसले. "म्हंजी मीच कोंडलं म्हण की तिला."

मी नवा फिल्टर बसवला, खण लावला आणि हात धुवायला आत गेलो. आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. बायकोनं तिला झालेला प्रकार सांगितला. आईनं मान वर केली नाही.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "एसी लावला की त्यांच्या विभूतीचाच वास यायचा. घशात कचकच लागायची."

"मंग बोलल्या कावून न्हाई, आत्याबाई?"

"काय बोलू? लगीन झाल्यापून ह्यांनी कधी दुखतंय का म्हणून इचारलं न्हाई. आता म्हातारपणी रोज सकाळी माझ्यापाई गाडीम्होरं उभे राहत्यात. त्यांना नगं म्हणू?"

मला सगळ्यांचाच राग आला. अप्पांचा, आईचा, त्या गाडीचा. एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही म्हणून ही माणसं जीव पणाला लावतात आणि निस्तरायला मी! राग ओसरल्यावर मी धुतलेलेच हात परत धुवायला मोरीवर गेलो.

त्यानंतर अप्पा ताटली घेऊन गाडीकडे फिरकले नाहीत. देवघरात बसत आणि लवकर उठत. बीडला जायच्या दिवशी आई काहीच सबब न सांगता तयार झाली. ती आणि बायको मागं बसल्या. मी गाडी सुरू करणार एवढ्यात अप्पा आले आणि माझ्या शेजारी बसले. आजवर ते डॉक्टरांकडे कधी आले नव्हते. वडवणी सुटलं, एसी चालू होता, आणि माझे कान मागं होते. घाटसावळी गेली. खोकला नाही. अप्पा सारखे मान वळवून मागं पाहत होते. आई खिडकीतून कापसाची शेतं बघत होती. पदर खांद्यावरच होता. बीडमध्ये दवाखान्यासमोर गाडी उभी केली तेव्हा तिचा श्वास घरातल्यासारखा संथ होता. माझ्या अंगातला ताण गेला आणि तिथंच डोळे मिटून झोपावं असं वाटलं.

अप्पांनी सवयीनं कोटाच्या खिशातून विभूतीची डबी काढली. समोरच्या काचेकडे पाहिलं. मग झाकण न उघडता ती परत खिशात घालू लागले.

"ठिवता कशाला?" मागून आई म्हणाली. "माझं कपाळ हाय की."

सुनेसमोर, मुलासमोर. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाहेरच्या पाटीकडे पाहू लागलो. डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग मला राहवलं नाही आणि मी आरशात पाहिलं. दोन सीटांच्या मधून अप्पा मागं वाकले होते आणि त्यांची तीन बोटं आईच्या कपाळावर, कुंकवाच्या वर, हळूहळू सरकत होती. राख उडू नये म्हणून आई डोळे मिटून, श्वास रोखून बसली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिचा श्वास थांबलेला पाहून मला भीती वाटली नाही.