डिस्चार्ज

आईच्या शेजारच्या खाटेवर सुमनताई होत्या. "उद्या डिस्चार्ज," असं डॉक्टर म्हणाले आणि सुमनताईंचा चेहरा फुलला. त्यांनी सुनेला नवी साडी आणायला सांगितली. बाहेर डॉक्टर त्यांच्या मुलाला म्हणत होते, "आता उपचार उरले नाहीत. घरी न्या."

मी मोबाइलवर शब्दकोश उघडला. 'डिस्चार्ज' या एकाच शब्दात सुटका होती, बंदुकीचा बार होता, जखमेतला पूही होता. मूळ अर्थ गाडीवरचं ओझं उतरवणं.

सकाळी साडी नेसून सुमनताई आईला म्हणाल्या, "तुम्हीही लवकर बऱ्या व्हा." मुलगा पिशव्या भरत राहिला.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "मला कधी डिस्चार्ज देतात, विचार ना डॉक्टरांना."

मी विचारायला गेलो नाही.